जाळ्यावर सही करणारा कोळी

पावसाळा सरत आला की आमच्या बागेतील जास्वंदीच्या फांद्यांमध्ये एक गोल जाळे दिसू लागते, आणि त्याच्या मधोमध पांढऱ्या रेशमाची नागमोडी फुली काढलेली असते. या फुलीमुळेच त्या कोळ्याला 'सिग्नेचर स्पायडर' म्हणतात. शास्त्रीय नाव अर्जिओपी. भारतात सहज आढळणाऱ्या अर्जिओपी अनसुजा या जातीचे वर्णन स्वीडिश कोळी-अभ्यासक थोरेल यांनी 1887 मध्ये केले.

ओळखण्याची खूण सोपी आहे. मादी डोके खाली करून बसते आणि आठ पाय दोन-दोनच्या जोड्यांनी असे ताणते की तेच इंग्रजी 'एक्स' अक्षरासारखे दिसतात. पोटावर पिवळसर-तपकिरी आडवे पट्टे असतात. नर इतका लहान असतो की मी पहिल्यांदा त्याला तिचे पिल्लूच समजलो होतो.

ही नक्षी कशासाठी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही: अतिनील किरण परावर्तित करून ती कीटकांना ओढते असे काही जण मानतात, तर पक्ष्यांनी जाळे फाडू नये म्हणून दिलेला तो इशारा आहे, असे इतरांचे म्हणणे. गवताच्या काडीने हलकेच डिवचले, तर मादी जाळे इतक्या जोराने झुलवते की तिची आकृतीच पुसट होते. सापडलेल्या टोळाला मात्र ती क्षणार्धात रेशमात गुंडाळते. माणसाला तिच्यापासून धोका नाही, त्यामुळे झाडू बाजूला ठेवावा.