नवरा पोर्तुगीज, मी भारतीय, घर स्पेनमध्ये: रेसिडेन्स कार्ड काढण्याचा माझा अनुभव

या प्रक्रियेत एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात पक्की हवी. राहण्याचा हक्क कार्डाने मिळत नाही. तो आधीच असतो, कार्ड हा त्याचा पुरावा. हे कळलं की कुठला कागद द्यायचा आणि कुठल्या मागणीला नाही म्हणायचं, हेही कळतं.

हा हक्क स्पेनच्या मेहेरबानीचा नाही. १९९३ मध्ये मास्ट्रिख्ट करार अमलात आला आणि युरोपियन युनियनचं नागरिकत्व सुरू झालं. त्या नागरिकाच्या कुटुंबीयांचे हक्क युनियनच्या २००४/३८ या निर्देशात, म्हणजे सदस्य देशांना बांधील असलेल्या कायद्यात आहेत. मात्र नागरिक स्वतःचा देश सोडून दुसऱ्या सदस्य देशात राहत असला पाहिजे. आम्ही पोर्तुगालमध्येच राहिलो असतो तर तिथला देशी कायदा लागला असता. याला अपवाद आहे तो बाहेर राहून मायदेशी परतणाऱ्या नागरिकांचा, आणि तो एका भारतीयामुळे पडला. सुरिंदर सिंग ब्रिटिश बायकोसोबत जर्मनीत काम करून ब्रिटनला परतले होते. त्यांच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने १९९२ मध्ये हा हक्क मान्य केला.

व्हिसासाठी अर्ज नेहमीचाच शेंगेनचा, पण फी शून्य. ज्या रकान्यांवर चांदणी आहे ते कुटुंबीयांनी भरायचे नसतात. हॉटेल बुकिंग, बँक स्टेटमेंट, प्रवास विमा यांची गरज नाही. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, नवऱ्याच्या पासपोर्टची प्रत आणि आपण त्याच्यासोबत किंवा त्याच्याकडे जातोय याचा पुरावा, एवढंच. मी वर एक पानी पत्र लावलं आणि त्यात याच निर्देशाच्या कलम ५(२) चा उल्लेख केला, कारण व्हिसा केंद्रावरची यादी पर्यटकांची असते.

खरा वेळ खातो तो लग्नाचा दाखला. आमचं लग्न भारतात, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं. दाखल्यावर आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का. हे सगळं झाल्यावरच अधिकृत अनुवादकाकडे जायचं. आधी भाषांतर केलं तर अपोस्टिलच्या शिक्क्यातला मजकूर भाषांतरात येत नाही आणि पूर्ण खर्च पुन्हा करावा लागतो. दाखला नुकताच काढलेला असावा, जुन्या प्रतीवर अडवतात. जर्मनीत मात्र भारताचं अपोस्टिल चालत नाही, तिथे जाणाऱ्यांनी आधी दूतावासाला विचारावं.

नावं आत्ताच तपासा. दाखल्यावर मधलं नाव वडिलांचं, पासपोर्टवर नवऱ्याचं, किंवा आडनाव एकीकडे माहेरचं आणि दुसरीकडे सासरचं, असं आपल्याकडे सर्रास असतं. एका अक्षराचा फरकही तिथे दुसरी व्यक्ती ठरवतो. दुरुस्ती भारतात असतानाच करून घ्यावी.

स्पेनला पोचल्यावर क्रम असा: नगरपालिकेत पत्त्याची नोंद म्हणजे पाद्रोन, नवऱ्याची नोंदणी ईएक्स-१८ फॉर्मवर, मग माझा अर्ज ईएक्स-१९ वर. अर्ज प्रवेशानंतर तीन महिन्यांच्या आत करायचा. शुल्क ७९० या नमुन्यावर, संकेतांक ०१२, बँकेत भरून पावती सोबत न्यायची.

काऊंटरवर माझ्याकडे नवऱ्याच्या बँक खात्यातल्या शिलकीचा पुरावा आणि खाजगी आरोग्य विमा मागितला. नवरा नोकरी करतो. पुरेसं उत्पन्न आणि विमा या अटी नोकरी न करणाऱ्यांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी आहेत, नोकरदाराला नोकरीचा करार पुरतो. मी कलम ७ ची छापील प्रत पुढे केली आणि करार दिला. मागितलेलं सगळं देऊन टाकलं तर काम सोपं होईल असं वाटतं, पण जास्तीच्या कागदातून नवे प्रश्न निघतात.

अर्ज घेतल्याबरोबर पोच मिळते. ती जपून ठेवा. निर्देशानुसार कार्ड सहा महिन्यांत द्यायचं असतं आणि कलम २५ प्रमाणे कार्ड नाही म्हणून हक्क वापरण्यापासून अडवता येत नाही. माझ्या मालकाला हे पटवायला पोच आणि कलम २३ दाखवावं लागलं. त्या कलमाने कुटुंबीयाला नोकरीचा हक्क आहे, वेगळा परवाना लागत नाही.

सहा महिने उलटले तर सोल्व्हिटकडे, म्हणजे युरोपियन हक्क डावलले गेल्यास सरकारी कार्यालयाशी बोलून तोडगा काढणाऱ्या सेवेकडे, तक्रार करता येते. सेवा मोफत आहे, दहा आठवड्यांत तोडगा काढण्याचं त्यांचं उद्दिष्ट असतं. कोर्टात प्रकरण गेलेलं असेल तर ते हात घालत नाहीत, म्हणून आधी सोल्व्हिट, मग वकील.

कार्ड पाच वर्षांचं. वर्षात एकूण सहा महिन्यांपर्यंत बाहेर राहिलं तर धक्का लागत नाही. बाळंतपण, गंभीर आजार अशा कारणासाठी एकदा सलग बारा महिनेही चालतात. नगरपालिका निवडणुकीत मत मात्र फक्त नवऱ्यालाच.

पाच वर्षांनी कायम रहिवासी कार्ड मिळतं, दहा वर्षांचं. त्यासाठी अर्ज जुनं कार्ड संपण्याआधी करायचा. दर वर्षाचा पाद्रोन आणि पगारपत्रकं आत्तापासून एका फाइलमध्ये लावत जा, प्रवासाच्या तारखाही त्यातच लिहून ठेवा.