पावसाळ्यातला वाढदिवस आणि बाद न करणारे खेळ

माझ्या मुलीचा वाढदिवस जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. पुण्यात त्या दिवसांत संध्याकाळी सोसायटीच्या बागेत खेळता येईल की नाही हे सकाळी कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे आम्ही दरवर्षी सगळा बेत घरातच आखतो. यंदा ती आठ वर्षांची झाली. तिच्यासह १४ मुले होती. बहुतेक तिच्याच वर्गातली, आणि एक पाहुणा चार वर्षांचा, कारण तो ताईला सोडून घरी थांबायला तयार नव्हता. बैठकीच्या खोलीतले टीपॉय, खुर्च्या आणि कुंड्या आत हलवल्यावर साधारण १६ फूट लांब आणि ११ फूट रुंद एवढी जागा मोकळी झाली. एवढ्या जागेत या मुलांना दीड तास काय खेळवायचे, याचा मी या वेळी महिनाभर आधीपासून विचार करत होते, आणि त्याला गेल्या वर्षीचा एक प्रसंग कारण झाला होता.

गेल्या वर्षी खेळ घेण्यासाठी आम्ही बाहेरून एका व्यक्तीला बोलावले होते. पहिलाच खेळ संगीत खुर्चीचा झाला आणि पहिल्याच फेरीत बाद झालेला मुलगा असा होता, जो शाळेत नव्याने आला होता आणि माझ्या मुलीखेरीज तिथे कोणालाच नीट ओळखत नव्हता. तो दाराजवळच्या चपलांच्या कपाटाला टेकून बसला आणि खेळ संपेपर्यंत तिथून हलला नाही. रात्री मी हिशेब मांडून पाहिला. १२ मुलांच्या संगीत खुर्चीत ११ फेऱ्या होतात. एक फेरी दीड मिनिटाची धरली, तर सर्वांत आधी बाद होणारे मूल १५ मिनिटे नुसते बसून राहते, आणि सगळ्या मुलांचा असा बसून गेलेला वेळ एकत्र केला तर तो ८० मिनिटांच्या पुढे जातो. आधी बाद होते ते मूल बहुधा सर्वांत बुजरे किंवा सर्वांत लहान असते, म्हणजे ज्याला खेळात घेण्याची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच आपण सर्वांत आधी बाहेर बसवतो.

त्यानंतर मी लहानपणीचे खेळ एकेक करून आठवू लागले, तेव्हा लक्षात आले की त्यांत दोन जाती आहेत. काही खेळांत चुकणारा बाद होतो, तर काही खेळांत चुकणाऱ्यावर राज्य येते. आंधळी कोशिंबीर, लपाछपी, ‘आईचं पत्र हरवलं’ या खेळांत जो पकडला जातो तोच पुढच्या डावाचा मुख्य भिडू होतो. त्याच्याशिवाय खेळ पुढे सरकतच नाही. चुकण्याची शिक्षा म्हणून त्याला अधिक काम मिळते, आणि आठ वर्षांच्या मुलाला ती शिक्षा वाटतही नाही. माझ्या मते घरातल्या वाढदिवसासाठी खेळ निवडताना हा एकच प्रश्न विचारावा: या खेळात चुकलेले मूल पुढच्या मिनिटाला काय करत असेल?

‘आईचं पत्र हरवलं’ हा खेळ आम्ही त्यामुळे मध्यभागी ठेवला. मुले गोल बसतात, राज्य असलेला भिडू हातात रुमाल घेऊन मागून फिरतो, ‘आईचं पत्र हरवलं’ असे तो म्हणतो आणि बसलेली मुले ‘ते मला सापडलं’ असे उत्तर देतात. फिरता फिरता तो कोणाच्या तरी पाठीमागे गुपचूप रुमाल टाकतो. ज्याच्या मागे रुमाल पडला त्याला तो वेळीच लक्षात आला तर त्याने टाकणाऱ्याला त्या रिकाम्या जागेवर बसण्यापूर्वी पकडायचे, आणि एक फेरी पूर्ण होईपर्यंत लक्षात आलाच नाही तर पाठीत रुमालाचा हलका धपाटा खाऊन राज्य घ्यायचे. मैदानावर हा पळण्याचा खेळ आहे, परंतु घरात पळणे शक्य नाही. १४ मुले ऐसपैस मांडी घालून बसली आणि प्रत्येकी दोन फूट जागा धरली, तर गोलाचा परीघ २८ फूट आणि व्यास जवळजवळ ९ फूट होतो. ११ फूट रुंदीच्या खोलीत मागून फिरायला दोन्ही बाजूंना एकेकच फूट उरतो. म्हणून मी मुलांना गुडघ्याला गुडघा लावून बसवले. दीड फुटाच्या हिशेबाने व्यास सात फुटांच्या आत आला आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांची वाट मिळाली. पळण्याऐवजी पाऊल जुळवून चालायचे, म्हणजे एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत जायचे, असा नियम केला. त्यामुळे खेळाचा वेग कमी झाला, पण पकडणारा आणि पळणारा दोघेही घाईघाईने एवढीशी पावले टाकू लागले की बसलेली मुले हसून लोळत होती. हा खेळ पंचवीस मिनिटे चालला. मी त्याला दहा मिनिटे धरली होती.

चार वर्षांच्या पाहुण्याची मला काळजी होती, परंतु त्याची सोय आपल्या भाषेने कधीच करून ठेवलेली आहे. तो कच्चं लिंबू झाला. कच्च्या लिंबाला सगळ्या खेळांत घ्यायचे, मात्र त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याची चूक धरली जात नाही, हा नियम आजच्या मुलांपैकी अर्ध्या मुलांना माहीत नव्हता. एकदा सांगितल्यावर मात्र त्यांनी तो इतक्या गंभीरपणे पाळला की, रुमाल त्याच्या मागे पडला तेव्हा शेजारच्या दोघींनी त्याला हाताला धरून फेरी मारून आणली. लहान भावंडे सोबत येतात तेव्हा त्यांना खाऊ देऊन आत टीव्हीसमोर बसवण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

ज्या खेळांत बाद होण्याचा नियम आहे, ते सोडून द्यावे लागतात असेही नाही. ‘शिवाजी म्हणतो’ आणि ‘तळ्यात-मळ्यात’ या दोन्ही खेळांत आम्ही एवढाच बदल केला की जो चुकेल तो बाहेर न बसता पुढे येईल आणि आज्ञा देणारा होईल. ‘शिवाजी म्हणतो हात वर’ म्हटले की हात वर करायचे आणि नुसते ‘हात वर’ म्हटले की जागचे हलायचे नाही, हे तर सर्वांना पाठच होते. आज्ञा देण्याची संधी मिळते म्हटल्यावर दोन मुले मुद्दाम चुकू लागली, तेव्हा एकाला दोनदा पुढे येता येणार नाही असा पोटनियम करावा लागला. तळ्यात-मळ्यातसाठी फरशीवर खडूने रेघ ओढली. दोरी ठेवली तर पाय अडकतो आणि चिकटपट्टीचा डिंक फरशीवर राहतो, खडू मात्र ओल्या फडक्याने जातो. या खेळात उड्या असतात, म्हणून आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना आदल्या दिवशीच सांगून ठेवले होते की साडेपाच ते सहा एवढाच वेळ आवाज होईल, आणि आम्ही तो वेळ पाळला. मोजे मात्र सर्वांनाच काढायला लावले. आजकालच्या गुळगुळीत फरशीवर मोजे घालून उडी मारणे धोक्याचे आहे.

संगीत खुर्चीलाही असाच पर्याय आहे. कॅनडातील क्रीडा-मानसशास्त्रज्ञ टेरी ऑरलिक यांनी सहकारी खेळांवर बरेच लिहिले असून त्यांचे या विषयावरचे गाजलेले पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या पद्धतीच्या संगीत खुर्चीत दर फेरीला खुर्ची कमी होते, मूल कमी होत नाही. उरलेल्या खुर्च्यांवर सर्वांनी मिळून कसेही करून मावायचे. आमच्याकडच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या तिघांच्या वजनाने कलंडल्या असत्या, म्हणून खुर्च्यांऐवजी मी खडूने सात गोल काढले आणि ती पुरात उरलेली बेटे आहेत असे सांगितले. गाणे थांबले की सगळ्यांनी बेटावर उभे राहायचे आणि दर फेरीला एक बेट बुडणार. शेवटी दोन बेटांवर सात-सात मुले एकमेकांचे खांदे धरून उभी होती, आणि कच्चं लिंबू एका बेटाच्या मधोमध सर्वांत सुरक्षित होते.

सहा वाजता मुले दमली होती आणि केक कापायला अजून अर्धा तास होता. हा काळ बैठ्या खेळांचा. मी एका मोठ्या ताटात स्वयंपाकघरातल्या २० वस्तू मांडून त्यावर फडके घातले होते: लाटणे, चिमटा, झारा, गाळणी, पळी, किसणी, रवी, करंजीचे कातणे, सोऱ्याची चकती, निरांजन, जायफळ, सुपारी, वेलदोडा, आमसूल, दोऱ्याचे रीळ आणि अशाच काही. फडके एक मिनिट बाजूला करायचे, पुन्हा झाकायचे आणि आठवतील तेवढ्या वस्तू लिहायच्या. एकेकट्याने लिहायला लावले तर ही परीक्षाच होते, म्हणून तीन गट केले आणि प्रत्येक गटाला एकच कागद दिला. मग गटागटांत कुजबुज सुरू झाली, ‘तू वरची बाजू बघ, मी खालची बघतो’ अशी वाटणी झाली, आणि एका गटाने १७ वस्तू लिहिल्या. या खेळात मला अपेक्षित नसलेली एक गोष्ट घडली. करंजीचे कातणे कोणालाच ओळखता आले नाही. एकाने ‘छोटे चाक’ असे लिहिले आणि सोऱ्याची चकती ‘चांदणीचे नाणे’ झाली. खेळ संपल्यावर प्रत्येक वस्तू कशासाठी वापरतात हे सांगताना माझ्या सासूबाईंनी कणकेच्या गोळ्यावर कातणे फिरवून दाखवले, तेव्हा ते आपल्याही हाताने फिरवून पाहण्यासाठी रांग लागली. मी ती रांग मोडली नाही, आणि त्यानंतरचा एक खेळ रद्द केला.

रद्द केला तो वासावरून ओळखण्याचा खेळ होता. त्याची तयारी सोपी आहे, म्हणून इथे लिहून ठेवते. सहा छोट्या डब्यांत ओवा, बडीशेप, वेलची, दालचिनी, कॉफीची पूड आणि हिंगाचा खडा ठेवून डब्यांना जाळीदार कापड बांधायचे आणि डोळे मिटून ओळखायला लावायचे. मिरपूड आणि तिखट त्यात कधीही ठेवू नये, आणि कोणाला दमा किंवा एखाद्या पदार्थाची अॅलर्जी आहे का, हे पालकांना आधी विचारून घ्यावे.

पार्सलच्या खेळात माझी तयारी सर्वांत जास्त वेळ खाऊन गेली. वर्तमानपत्राचे १४ थर, प्रत्येक थरात एक चिठ्ठी, आणि गाणे चालू-बंद करणाऱ्याने पार्सल प्रत्येकाकडे एकदा थांबेल याकडे लक्ष ठेवायचे. चिठ्ठीतले काम एकट्याने करायचे नाही, चिठ्ठी निघालेल्या मुलाने सांगायचे आणि सर्वांनी मिळून करायचे, जसे की पावसात छत्री उलटी झाल्यावर कसे चालतात ते दाखवा. एकट्याने गाणे म्हणून दाखव, नाच करून दाखव, अशी कामे बुजऱ्या मुलांना नको होतात आणि ती त्यांच्यावर लादू नयेत, असे माझे ठाम मत आहे. चिठ्ठ्या मराठीत होत्या. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना जोडाक्षरांशी अडखळल्यावर शेजारचा भिडू मदत करत होता. आतल्या थरात एक बक्षीस ठेवण्याऐवजी मी तिळाच्या चिक्कीचे १४ तुकडे गुंडाळून ठेवले होते.

फुग्यांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. मुले एकेक करून येत असतात तेव्हा, फुगा हाताने उडवत ठेवायचा आणि खाली पडू द्यायचा नाही, हा खेळ फार उपयोगी पडतो, कारण त्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला चालू खेळात शिरता येते. सगळ्यांनी मिळून मोठ्याने मोजायचे. आमच्याकडे ९६ पर्यंत मजल गेली. त्या वेळी पंखा बंद ठेवावा. फुटलेल्या फुग्याचे तुकडे मात्र त्याच क्षणी उचलावेत. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार, न फुगवलेल्या किंवा फुटलेल्या फुग्यांमुळे आठ वर्षांखालील मुले गुदमरू शकतात, असा इशारा फुग्यांच्या पाकिटावर छापावा लागतो. रबराचा पातळ तुकडा घशात चिकटून बसला तर श्वासाची वाट पूर्ण बंद होऊ शकते, आणि मुलांना तो तुकडा तोंडात धरून त्याचा छोटा फुगा करण्याची सवय असते. आम्ही ते एक काम माझ्या भावाकडेच दिले होते. फुगा फुटला की तो उठायचा.

पुढच्या वर्षीसाठी मी वहीत काही नोंदी केल्या आहेत. ताटातल्या वस्तू २० ऐवजी १५ ठेवायच्या आणि त्या ओळखून दाखवायला वेळ राखून ठेवायचा. पार्सलचे थर फार घट्ट चिकटवायचे नाहीत. दीड तासासाठी पाचच खेळ ठरवायचे. गेल्या वर्षी चपलांच्या कपाटाजवळ बसलेला मुलगा यंदाही आला होता, आणि त्याच्यावर पत्राचे राज्य सलग तीन वेळा आले, कारण रुमाल मागे पडला की तो गप्पांत रमलेला असायचा. जाताना त्याने विचारले की पुढच्या वेळी गोल थोडा मोठा करता येईल का. त्यासाठी सोफाही आतल्या खोलीत हलवावा लागेल. मी दाराची रुंदी मोजून ठेवली आहे.