चेक मिळाला, तंबोरा दिला

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाही म्हणून लिहायला बसले. तंबोरा कोपऱ्यात गवसणीत उभा आहे. दुपारपासून त्याच्याकडे बघवत नाही.

तंबोऱ्यासाठी मिरजेच्या चाचांना दिलेला चेक परत आला. सही जुळत नाही म्हणून. मेसेज मंगळवारी संध्याकाळीच आला होता, कर्ज देतो म्हणणाऱ्या मेसेजांखाली दबून गेला, मी आज पाहिला. पूर्वी चेक वटायला दोन-तीन दिवस जायचे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून सकाळी भरलेल्या चेकचा निकाल त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत लागतो. कागद तर आता गावाबाहेरसुद्धा जात नाही, नुसतं त्याचं चित्र जातं. त्या चित्रावरून माझा हात ओळखला नाही कुणी.

खात्यात पैसे होते. ३२,००० देऊन वर उरतील एवढे. बँकेत फोन केला तर तिथली मुलगी अगदी मवाळपणे म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे तुमची १९९८ ची सही आहे." १९९८ चं मनगट आता कुठून आणू? मोडलेलं हाड सांधलं, पण आडनावाखालचा तो लांब फराटा तेव्हापासून ओढता येत नाही. अप्पांनी समोर बसवून गिरवून घेतली होती ती सही. कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा, रकमेपुढे "फक्त", आणि त्यापुढे मोकळी जागा राहिली तर आडवी रेघ. हे सगळं मी आजही तसंच करते. सगळं बरोबर होतं, फक्त मी चुकले.

पण झोप सहीमुळे उडालेली नाही. पावतीमुळे उडाली आहे.

तंबोरा आणायला दादाबरोबर मिरजेला गेलो तेव्हा तो बनवणाऱ्या चाचांनी तंबोरा पुसून मांडीवर घेतला, घोडीवर दोरा सरकवत एकेका तारेची जवारी, म्हणजे तिची गुंजणारी आस, लावली. मी चाचरत म्हटलं, गाताना काळी चारची पट्टी आता झेपत नाही, एक सूर खाली पांढरी पाचवर आले आहे. ते म्हणाले, "आवाज उतरला म्हणून काय झालं ताई, तंबोरा उतरवू की." आणि तासभर खपले. पंढरपूरकडचा भोपळा, सहा महिन्यांचं काम. ऑर्डर फोनवर दिली होती, आगाऊ एक रुपया घेतला नव्हता, आणि तेव्हा सांगितलेला आकडा शेवटपर्यंत बदलला नाही. मधल्या काळात मी फोन बंद केला असता, नको म्हटलं असतं, तर काय करणार होते ते? पांढरी पाचचा बायकी तंबोरा घेऊन बसले असते.

मी चेक दिला. (माझ्या फोनमध्ये यूपीआय नाही, त्यावरून पुन्हा वाद नको.) त्यांनी वाचलासुद्धा नाही. तारांच्या गुंडाळ्यांच्या खणात टाकला आणि म्हणाले, "घेऊन जावा. पैसं कुठं पळून जात्यात?"

आणि मी म्हटलं, पावती द्या.

दादा माझ्याकडे बघत होता. मला तेव्हा कळलं नाही का बघतोय. चाचांनी हात पुसले, वही शोधली, पान फाडलं, लिहून सही केली. मी ती घडी घालून पर्समध्ये ठेवली, चेन लावली आणि मग हात लावून पुन्हा बघितली. पेठ नाक्यावर जेवायला थांबलो तेव्हाही एकदा बघितली.

त्यांच्या हातात माझा फक्त एक कागद होता. माझ्या गाडीत त्यांचा तंबोरा होता. आणि पुरावा मी मागितला!

सवय आहे, असं मी दुपारी स्वतःला सांगून पाहिलं. अप्पा म्हणायचे, व्यवहार सख्ख्या भावाशीही लिहून करावा. पण अप्पा पावती मागायचे तशी द्यायचेही. मी काय दिलं? न वटणारा चेक.

भाच्याला विचारलं तेव्हा तर घामच फुटला. चेक न वटण्याबद्दलचं कलम १३८ मला ठाऊक होतं, पण ते पैसे नसणाऱ्यांसाठी अशी माझी समजूत. तो म्हणाला, मावशी, सही न जुळल्यामुळे परत आलेला चेकही त्यात येऊ शकतो, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तसं म्हटलं आहे. चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत ते नोटीस देऊ शकतात, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस. नाही दिले तर खटला, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड. किंवा दोन्ही. मग म्हणाला, तू देणारच आहेस, घाबरू नकोस. घाबरले नव्हतेच मी त्याला. पण कायद्याने हातात दिलेलं हे एवढं सगळं चाचांकडे होतं आणि ते दोन दिवस गप्प बसून होते.

मीच फोन केला. "चाचा, तो चेक..." एवढंच म्हणता आलं.

"हां ताई, परवाच आला परत. म्हटलं, कळलं की तुम्हीच फोन करशीला."

"मग तुम्ही का नाही केलात?"

"मी केला असता तर तुम्हाला वाटलं असतं, मागायलाच लागला."

दादाच्या पोराने त्याच्या मोबाइलवरून पैसे पाठवले. मिनिटभरात "पोचले" आलं. तेवढ्यात चाचांनी विचारलं, तंबोरा लागतो का नीट, जवारी सुटली नाही ना. चेकबद्दल पुढे एक शब्द नाही. मी पावतीबद्दल बोलणार होते. बोलले नाही. सहीचा नवा फॉर्म भरायला उद्या बँकेत जायचं आहे, आताची जशी येते तशीच करून देणार. फराटा नाही तर नाही.

मघाशी उठून पर्समधून ती पावती काढली. इतके दिवस घडी नुसती चाचपली होती, वाचली आज. बारीक, गोल अक्षर. "चेक मिळाला. तंबोरा दिला." खाली सही. पैसे मिळाले असं कुठेही नाही. जेवढं झालं होतं तेवढंच लिहिलं होतं त्यांनी.

परत आलेला चेक त्यांच्याकडेच आहे, आलात की न्या म्हणाले. रविवारी जाते. त्यांच्या बँकेनेही काहीतरी कापलं असेलच, ते द्यायचं आहे. घेतील की नाही, कोण जाणे.

गवसणी काढून ठेवली आहे. सकाळी तारा उतरलेल्या असतील, आधी त्या लावायच्या.