१६० चौरस फूट : चौथ्या वर्षाची नोंद

गेल्या रविवारी ४७ वी खोली पूर्ण झाली. वरळीच्या बीडीडी चाळींतील खोल्यांची छायाचित्रे टिपण्याचे हे काम हाती घेतले तेव्हा वर्षभरात शंभर खोल्या सहज होतील, असा माझा हिशेब होता. आता चौथे वर्ष सरत आले तरी निम्मा पल्लाही गाठलेला नाही. मागच्या टिपणानंतरच्या नऊ महिन्यांत मात्र कामाची दिशा बरीच पक्की झाली आणि एक चूक अशी घडली की तिची भरपाई होणे शक्य नाही. मीडियम फॉरमॅटवर, म्हणजे नेहमीच्या ३५ मिमीपेक्षा मोठ्या फिल्मवर, दीर्घ मुदतीचे काम करणाऱ्यांना या दोन्हींचा उपयोग होईल, म्हणून तपशिलात लिहितो आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. १९२० मध्ये मुंबई सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) हे खाते उभे केले आणि त्याने पुढच्या पाचेक वर्षांत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी या चार ठिकाणी मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत होत्या. पैसा उभा राहावा म्हणून मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवला गेला. म्हणजे ज्या कापसावर गिरण्या चालत होत्या, त्याच कापसातून गिरणी कामगारांची घरे निघाली. तळमजला आणि वर तीन मजले, दर मजल्यावर २० खोल्या, दोन्ही रांगांच्या मधून जाणारा पॅसेज, सामायिक संडास, आणि प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. सविनय कायदेभंगाच्या काळात यांतल्या काही चाळींचा तुरुंग म्हणून वापर झाला होता, हे तिथल्या जुन्या माणसांकडून आजही ऐकायला मिळते.

पहिले वर्ष मी इमारतींची दर्शनी बाजू टिपण्यात घालवले. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याने पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे यांची छायाचित्रे दशकानुदशके एकाच पद्धतीने, ढगाळ उजेडात, समोरून आणि सारख्या चौकटीत घेतली आणि ती ओळीने मांडली. त्या मांडणीचा माझ्यावर फार प्रभाव होता. तीच रीत मी चाळींना लावली आणि चाळीसेक चित्रे भिंतीवर टाचण्यांनी लावून पाहिली, तेव्हा ती सगळी मेलेली वाटली. कारण कळायला मला बरेच दिवस लागले. बेखरांच्या टाक्या वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या कारागिरांनी, आपापल्या गरजेनुसार बांधलेल्या होत्या, म्हणून एकीशेजारी दुसरी ठेवली की फरक बोलू लागतो. चाळींचा आराखडा मात्र एकाच खात्याने काढलेला होता. बाहेरून फरक शोधायला गेलो तर हाती लागतो तो फक्त रंगाचा, पत्र्यांचा आणि पिंपळाच्या रोपांचा. खरा फरक आत होता. एकाच मापाच्या खोलीत शंभर वर्षांत प्रत्येक कुटुंबाने काय काय बसवले, हा माझा विषय आहे, हे तिथे लक्षात आले आणि मी उंबरठ्यावर आलो.

तेव्हापासून जागा ठरलेली आहे. ट्रायपॉडचे दोन पाय खोलीत, तिसरा पॅसेजमध्ये, भिंगाची उंची जमिनीपासून ११० सेंटिमीटर आणि रोख थेट समोरच्या खिडकीवर. कॅमेरा मामिया आरबी ६७, भिंग ६५ मिमी. ५० मिमीने खोली आणखी मावते, पण चौकटीच्या कडेला बसलेल्या माणसाचा चेहरा ताणला जातो आणि ते मला मान्य नाही. आरबीमध्ये वरून, कमरेच्या पातळीवर पाहावे लागते, याचा मला कल्पनेपेक्षा जास्त फायदा झाला. माझा चेहरा कॅमेऱ्यामागे दडत नाही. मान खाली घालून मी काच पाहत असतो आणि घरातली माणसे माझ्याशी बोलत राहतात. पॅसेजमधला पाय ओलांडत शेजारी बादल्या नेतात, मुले थांबून काचेत डोकावतात आणि आपली खोली डावी-उजवी उलटी झालेली पाहून आरडाओरडा करतात. एका खोलीला एक रोल, म्हणजे १० चित्रे. पहिली चार ठरलेल्या जागेवरून घेतो, उरलेली सहा माणसांची आणि वस्तूंची.

उजेडाचे गणित सोपे नाही. खिडकी समोर असते, दार माझ्या पाठीशी आणि पॅसेज अंधारा. खिडकीबाहेरचे आभाळ आणि मोरीचा कोपरा यांत सहजच सात स्टॉपचे अंतर पडते (दर स्टॉपला उजेड दुप्पट). एचपी ५ प्लस या कृष्णधवल फिल्मची संवेदनशीलता ४०० ऐवजी २०० धरून मी ती एक्स्पोज करतो आणि डेव्हलपिंगचा वेळ साधारण एक पंचमांशाने कमी करतो, म्हणजे सावलीत तपशील राहतो आणि खिडकी पांढरीफटक होत नाही. खोलीच्या आरपार सगळे स्पष्ट हवे म्हणून भिंगाचे छिद्र अगदी लहान, एफ २२ वर, ठेवावे लागते, आणि मग वेळ सेकंदांत जातो. दीर्घ एक्स्पोजरमध्ये फिल्म मंदावते, हे विसरून चालत नाही : मीटरने ४ सेकंद सांगितले तर मी ६ देतो, ८ सांगितले तर १५. बेखर ढगाळ दिवसांची वाट पाहत. मुंबईत ते काम पावसाळा करतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत खोलीतला उजेड इतका सपाट आणि मऊ असतो की वर्षातले निम्म्याहून जास्त काम मी त्यातच उरकतो, जरी त्या काळात फिल्म आणि भिंगे सिलिका जेलच्या डब्यात सांभाळावी लागतात. पंखा बंद करायला मी कधीच सांगत नाही. १५ सेकंदांत त्याची एक राखाडी तबकडी होते, आणि ज्या घरात पंखा चोवीस तास फिरतो तिथे तीच त्याची खरी प्रतिमा आहे.

आता चुकीबद्दल. मे महिन्यात तीन खोल्यांचे तीन रोल मी एकाच टाकीत डेव्हलप केले. आयडी-११ या डेव्हलपर रसायनाचे मूळ द्रावण बर्फाच्या पातेल्यात ठेवून २० अंशांवर आणले, थर्मामीटरने खात्री केली आणि नंतर ते एकास एक पातळ करताना पाणी सरळ नळाचे घेतले. मुंबईत मे महिन्यात छतावरच्या टाकीचे पाणी ३२ अंशांपर्यंत जाते. दोन्ही मिळून द्रावण २६ च्या आसपास गेले असणार आणि मी घड्याळ लावले २० अंशांचे, साडेदहा मिनिटांचे. निगेटिव्ह बाहेर काढल्या तेव्हा तिन्ही खिडक्या कोळशासारख्या काळ्या होत्या. कितीही बर्न केले, म्हणजे तिथे जास्तीचा उजेड दिला, तरी प्रिंटमध्ये तिथे कागदाच्या पांढरेपणाखेरीज काही येत नाही. एक खोली पुन्हा टिपता आली. उरलेली दोन कुटुंबे तोवर सामान हलवून गेली होती आणि खोल्यांना कुलपे लागली होती. त्या दोन खोल्या मी यादीतून काढलेल्या नाहीत. त्यांचा क्रमांक ठेवला आहे आणि चौकट रिकामी सोडली आहे. आता पातळ केल्यानंतर, टाकीत ओतण्याच्या अगदी आधी, तापमान पाहतो. उन्हाळ्यात २० चा हट्टही सोडला आहे : २४ अंश आणि साडेसात मिनिटे हे गणित घरच्या स्वयंपाकघरात पाळणे कितीतरी सोपे जाते.

या वर्षी सर्वांत जास्त शिकवले ते एका आजींनी. तिसऱ्या मजल्यावरची त्यांची खोली मी गेल्या पावसाळ्यात टिपली होती आणि प्रत्येक घराला देतो तसा आठ बाय दहाचा प्रिंट घेऊन दिवाळीआधी त्यांच्याकडे गेलो. माझ्या मते तो आतापर्यंतचा सर्वांत चांगला प्रिंट होता. खिडकीतला उजेड पलंगाच्या कडेवरून ओघळत खाली येतो आणि डावी भिंत हळूहळू अंधारात विरते. आजींनी तो खिडकीजवळ नेला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "छान आहे रे बाळा, पण माझी मांडणी काळी दिसते. तू येणार म्हणून आदल्या रात्री सगळी भांडी घासून ठेवली होती मी." मी पाहिले. मांडणी त्याच डाव्या भिंतीवर होती, चार फळ्यांची, वर तांब्याचा हंडा आणि उतरत्या क्रमाने लावलेले स्टीलचे डबे, खालच्या पट्टीत उभ्या केलेल्या ताटांची रांग. मला ती भिंत म्हणजे एक सुंदर सावली वाटली होती. त्या सावलीत एका बाईचे आदल्या रात्रीचे दोन तासांचे श्रम मी बुडवून टाकले होते.

घरी येऊन निगेटिव्ह पुन्हा एन्लार्जरमध्ये लावली. तपशील निगेटिव्हमध्ये होताच. फक्त मी तो येऊ दिला नव्हता. मूळ १८ सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये मांडणीला ५ सेकंद डॉज केले, म्हणजे तिथला उजेड अडवला, मग कॉन्ट्रास्टची ग्रेड अर्ध्याने चढवली, तेव्हा डब्यांच्या कडा उजळल्या आणि ताटांवर खिडकीचे लहान लहान चौकोन दिसू लागले. हा प्रिंट पहिल्याइतका नाट्यमय नाही. तो अधिक खरा आहे आणि संग्रहात आता तोच आहे. त्यानंतर मी आधीच्या सगळ्या खोल्यांचे प्रिंट पुन्हा त्या त्या घरी नेले आणि काय दिसत नाही, एवढा एकच प्रश्न विचारला. अकरा प्रिंट बदलावे लागले. कुणाचा देव्हारा पडद्याआड गेला होता, कुणाच्या वडिलांच्या तसबिरीवर काचेची चमक आली होती. छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१५ पासून जव्हारच्या मुखवटे घडवणाऱ्या कलाकारांबरोबर जे काम केले, त्यात आपण कसे दिसायचे हे चित्रातली माणसे मुखवट्यांतून स्वतःच ठरवतात. माझे काम तितके धाडसी नाही. पण ज्याची खोली त्याच्या नजरेतून प्रिंट उतरला पाहिजे, ही अट मी आता स्वतःवर घालून घेतली आहे आणि ती मागे घेणार नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पुनर्विकासाच्या पहिल्या टप्प्यात ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. माझ्या यादीतली काही कुटुंबे त्यांत आहेत आणि ५०० चौरस फुटांचे स्वतःच्या मालकीचे, घरातच संडास असलेले घर मिळाल्याचा त्यांचा आनंद मी जवळून पाहिला आहे. चाळ गेली म्हणून हळहळणारी चित्रे काढण्याचा अधिकार मला नाही, असे मी मानतो. जुनी खोली आणि नवे घर अशी जोडचित्रे कर, असे अनेकांनी सुचवले. दोन घरांत तसा प्रयत्न केला आणि थांबलो. एक तर आधी आणि नंतर ही मांडणी जाहिरातीची आहे. दुसरे आणि महत्त्वाचे कारण असे की नव्या घरात माझी जागाच उरत नाही. चाळीच्या दारात उभे राहिले की देव, चूल, पलंग, अभ्यासाचे पुस्तक, वाळत घातलेले कपडे असा सगळा संसार एका चौकटीत येतो. नव्या घराच्या दारातून फक्त हॉल दिसतो. सगळे एकदम दिसेल असा बिंदूच तिथे नाही, आणि तोच तर त्या घराचा अर्थ आहे. म्हणून नव्या घरी मी एकच चित्र घेतो : जुन्या खोलीतून आलेली एक वस्तू, ती आता जिथे ठेवली आहे तिथे, ती निवडणाऱ्या माणसांच्या उपस्थितीत.

न सुटलेला प्रश्न रंगाचा आहे. एका रिकाम्या झालेल्या खोलीत दाराच्या चौकटीजवळचा रंग टवका उडून निघाला होता आणि हाताच्या तळव्याएवढ्या जागेत नऊ थर मोजता आले. सर्वांत खाली चुन्याचा पांढरा, मग निळा, पोपटी, गुलाबी, पुन्हा निळा, वर ऑइलपेंटचा पिस्ता. गणपतीला किंवा लग्नाला घर रंगवले की एक थर वाढायचा. कृष्णधवल फिल्मवर पोपटी आणि गुलाबी एकाच राखाडी छटेत मिसळून गेले. नारिंगी फिल्टर लावून ते वेगळे केले तर निळा आणि पिस्ता एकमेकांत मिसळले. शेवटी पोर्ट्रा ४०० या रंगीत फिल्मचा एक रोल घेतला, ट्यूबलाइट बंद ठेवली आणि फक्त खिडकीच्या उजेडात ते टवके टिपले. चित्रे मनासारखी आली आहेत. ती कृष्णधवल खोल्यांच्या रांगेत बसत नाहीत, हे पहिल्याच दिवशी दिसले, आणि ती सोडवतही नाहीत.

पुस्तकाची कच्ची प्रत करताना त्यांना कदाचित जागा सापडेल. छायाचित्रकार दयानिता सिंग यांच्या 'म्युझियम भवन'मध्ये एका खोक्यात नऊ लहान घडीची पुस्तके आहेत, हवी तशी उलगडून मांडता येणारी. ती पाहिल्यापासून बांधीव पुस्तकाचा विचार मी सोडून दिला आहे. माझी घडी एका मजल्याची असेल. कागदाच्या एका बाजूला पॅसेजच्या डाव्या हाताच्या १० खोल्या, दुसऱ्या बाजूला उजव्या हाताच्या १०, पाठीला पाठ लावून. उलगडून टेबलावर उभी केली की मधोमध पॅसेज तयार होतो. टवक्यांची रंगीत चित्रे दोन्ही टोकांना, जिथे भिंत संपते तिथे लावून पाहतो आहे.

त्यासाठी एकाच मजल्यावरच्या सगळ्या २० खोल्या हव्यात. आजींच्या मजल्यावर १३ झाल्या आहेत, ३ घरांनी होकार दिला आहे, दोन घरे गणपतीनंतर या म्हणाली आहेत. एका खोलीचे मालक गावी असतात. त्यांच्या भावाकडे निरोप ठेवला आहे. विसाव्या खोलीतल्या काकूंनी नकार दिला आहे, आणि तो नकार त्यांनी बदलला नाही तर घडीत त्या जागी फक्त बंद दाराचे, पॅसेजमधून घेतलेले चित्र येईल. तेही मी त्यांना विचारूनच घेणार आहे.