सरेच्या माळावर गुरांची तपासणी: माझा अनुभव

इंग्लंडच्या दक्षिणेला सरे परगण्यात हीदरच्या बुटक्या झुडपांचे रेताड माळ आहेत. चराई थांबली की बर्च आणि पाइनची रोपं माजतात, मोलिनिया गवत हीदरला झाकून टाकतं आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या रातवा पक्ष्याला मोकळी जागा उरत नाही. म्हणून इथे बेल्टेड गॅलोवे गुरं सोडतात. काळं अंग, पोटाभोवती पांढरा पट्टा, जन्मतः बिनशिंगाची. ती रोज कुणीतरी बघून यावी लागतात. प्रशिक्षण घेऊन मी त्या पाळीत स्वयंसेवक म्हणून जातो.

निघण्याआधी फोनवर कळप कुठे आहे ते पाहतो. गळ्यातल्या जीपीएस पट्ट्यामुळे प्रत्येक गुराचा ठिपका दिसतो. आखलेल्या हद्दीशी गेलं की पट्टा आधी सूर काढतो, तरी पुढे गेलं तर हलका झटका देतो. पण लंगडणारी गाय ठिपक्यात दिसत नाही, आणि तासन्तास न हललेला ठिपका म्हणजे कधी आजारी जनावर, तर कधी झुडपात गळून पडलेला नुसता पट्टा.

माळावर आधी मोजणी. बर्चच्या झाडीत हमखास एखादं कमी भरतं. शोधायचंच, कारण कळप सोडून एकटं उभं राहिलेलं जनावर बहुधा आजारी असतं. आकडा जुळला की खरं काम सुरू होतं. बसलेल्या गुराला बोलत बोलत, थोडं लांबून उठवायचं. गाय आधी मागचा भाग उचलते, उठल्यावर अंग ताणते. मग चार पावलं चालू द्यायची. पुढच्या पायाने लंगडत असेल तर दुखरा पाय टेकताना मान वर जाते. डावी कूस ढोलासारखी फुगलेली असेल तर पोटफुगी. तिथूनच फोन करायचा, घरी जाऊन नव्हे. लघवी लालसर किंवा कॉफीच्या रंगाची दिसली तर गोचिडांतून येणारा बबेसिओसिस हा रक्ताचा आजार असू शकतो, तोही तातडीचा. डोळ्यातून पाणी, मिटलेली पापणी, बुबुळावर पांढरट ठिपका हा संसर्ग माश्या पसरवतात. उन्हाळ्यात भाकड गायी आणि कालवडींची कास मागून पाहायची: एक सड सुजलेला आणि त्यावर माश्यांचा थवा म्हणजे दगडी, अर्थात कासदाह. औषध आपण द्यायचं नाही. कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक (आपल्याकडे बारा आकडी, इथे 'यूके'पुढे बारा आकडे), फोटो आणि नेमकी जागा गुरांच्या व्यवस्थापकाला कळवायची.

पाण्याच्या हौदाचा तरंगता गोळा हाताने खाली दाबायचा. पाणी आलं नाही तर व्हॉल्व्ह अडकलाय. उन्हाळ्यात एक गाय दिवसाला ५० लिटर सहज पिते, त्यामुळे हे उद्यावर टाकता येत नाही. जिथे विजेचं कुंपण आहे तिथे टेस्टरवर ३,००० व्होल्टच्या खाली आकडा गेला की तारेला टेकलेलं ब्रॅकन नेचं शोधतो. वीज बहुतेक तिथूनच जमिनीत उतरते. फाटक उघडं टाकणारे फिरस्ते मात्र टेस्टरवर सापडत नाहीत.

गाय आणि वासरू यांच्या मधून जायचं नाही, आपला कुत्रा न्यायचा नाही. विजार मोज्यांत खोचायची आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत गोचीड तपासायची. लाइम नावाचा जिवाणूंचा आजार त्यांच्यामुळेच होतो.