तुम्ही विचारलंत म्हणून: नुसता डावा हात का?

"वस्ताद, पोरगं रोज येतंय, घाम गाळतंय, पण ठोसा कधी शिकवणार?" पूर्व भागातले पालक मला हे सारखं विचारतात. सोलापूरच्या अंगात कुस्ती मुरलेली आहे, त्यामुळे बॉक्सिंग शिकवणाऱ्यालाही इथं वस्तादच म्हणतात. तालमीत गेलेलं पोर पहिल्या आठवड्यात मातीत लोळून येतं, घरच्यांना काहीतरी चाललंय हे दिसतं. माझ्याकडे मात्र महिनोन्‌महिने एकच: डावा पाय पुढे, डावा हात सरळ, हात परत हनुवटीपाशी. एका आईनं तर मला थांबवून विचारलं, "सर, माझी मुलगी उजव्या हाताची आहे. तुम्ही तिला डावरी करताय का?"

नाही ताई. मी तिला जॅब शिकवतोय, म्हणजे पुढच्या हातानं मारायचा सरळ ठोसा. आणि जॅबवर माझा इतका विश्वास का, हे सांगायचं तर मला लॅरी होम्सबद्दल बोलावं लागेल.

अली सगळ्यांना माहीत आहे, टायसन तर रिक्षाच्या मागेही दिसतो. त्या दोघांच्या मधल्या काळात हेवीवेटचा, म्हणजे सर्वांत जड वजनगटाचा, जगज्जेता होता लॅरी होम्स. 1978 ते 1985 अशी सात वर्षं. सलग 20 वेळा त्यानं किताब राखला. हेवीवेटमध्ये सलग इतक्या वेळा किताब राखण्यात त्याच्या पुढे एकटा जो लुईस आहे, 25 वेळांचा. तरीही इथं शंभरातल्या एकालाही त्याचं नाव ठाऊक नसतं, आणि त्याच्या देशातही त्याच्या उमेदीच्या काळात लोकांनी त्याला जीव लावला नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

जन्म 1949 चा, जॉर्जिया राज्यातल्या कथबर्टचा. वाढला पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावात, बारा भावंडांत. सातवीत शाळा सुटली आणि गाड्या धुवायच्या कामाला लागला, तासाला एक डॉलर. पुढे खाणीत राबला, डंपर चालवला. विडी घरकुलातून, म्हणजे इथल्या विडी कामगारांच्या वस्तीतून, माझ्याकडे येणाऱ्या मुलांना हा भाग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये तो 1973 मध्ये उतरला, पण पोट भरायला सरावाचा जोडीदार म्हणून मार खायचं काम करत होता. डीअर लेकच्या सराव तळावर अलीबरोबर, शिवाय माजी विजेत्या जो फ्रेझरबरोबर. अलीच्या ठोशानं डोळा काळानिळा झाला तेव्हा त्यानं बर्फ लावू दिला नाही म्हणतात. ती खूण घरी नेऊन दाखवायची होती त्याला. पण खूण बाजूला राहू द्या, तिथून त्यानं खरी कमाई आणली ती डाव्या हाताची. अलीचा जॅब वेगवान होता. होम्सनं तो वेग घेतला आणि त्यात खांद्याचं वजन घातलं. हेवीवेटमधला सर्वांत उत्तम जॅब कुणाचा असं जाणकारांना विचारा, होम्सचं नाव पहिल्या दोन-तिघांत येतंच. माझ्या लेखी पहिलंच.

जॅबनं क्वचितच कोणी आडवा पडतो. पण समोरच्याला अंतर कळू देत नाही, त्याचा पाय उचलला की तिथंच थांबवतो, त्याच्या डोळ्यांसमोर सतत काहीतरी ठेवतो, आणि मागून येणाऱ्या उजव्या हाताला वाट करून देतो. जॅबचा अर्धा जीव मारण्यात असतो आणि अर्धा परत येण्यात. यंत्रमागाच्या घरातल्या मुलांना मी सांगतो, धोटा नुसता जाऊन भागत नाही, परत आला तरच कापड होतं. मारलेला हात खाली पडून परत आला, तर तेवढ्या वेळात हनुवटी उघडी राहते आणि समोरच्याचा उजवा तिथूनच आत येतो.

9 जून 1978, लास व्हेगास, सीझर्स पॅलेस. समोर केन नॉर्टन, ज्यानं अलीचा जबडा मोडला होता. लढतीच्या काही दिवस आधी सरावात होम्सचा डावा दंड दुखावला. तोच हात, ज्याच्यावर सगळा डाव उभा! तरी तो उतरला आणि सुरुवातीचे राउंड त्यानं त्याच दुखऱ्या हातावर काढले. मग नॉर्टन आत घुसायला लागला. तेव्हा किताबाची लढत पंधरा राउंडची असे. चौदा राउंड संपले तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर दोघं बरोबरीत होते.

पंधरावा राउंड मी किती वेळा पाहिला असेन, सांगता येणार नाही. दोघांच्याही अंगात काही उरलेलं नाही, तरी तीन मिनिटं कुणी मागे सरत नाही. दोन पंचांनी 143-142 असा होम्सला कौल दिला, तिसऱ्यानं तेवढ्याच गुणांनी नॉर्टनला. म्हणजे तो एक राउंड निसटला असता तर पुढची सात वर्षं झालीच नसती.

दुसऱ्या वर्षी अर्नी शेव्हर्स. याच्याइतका जड हात त्या काळात कुणाचा नव्हता, असं त्याचा मार खाल्लेलेच सांगत. सातव्या राउंडमध्ये त्याचा उजवा होम्सच्या चेहऱ्यावर बसला आणि होम्स असा पडला की सामना संपलाच असं वाटलं. तो उठला कसा, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण उठल्यावर त्यानं काय केलं ते स्पष्ट दिसतं: डोकं जागेवर येईपर्यंत तग धरला, मग पुन्हा जॅब. अकराव्या राउंडमध्ये शेव्हर्सला थांबवावं लागलं.

आता ती लढत, जिच्यामुळे लोकांनी त्याला माफ केलं नाही. 2 ऑक्टोबर 1980. अली 38 वर्षांचा, निवृत्तीतून परतलेला, शरीर आतून संपलेलं. दहा राउंड, आणि दहाही तिन्ही पंचांच्या मते होम्सचे. होम्स मधेच हात आवरता घेत होता, रेफरीकडे पाहत होता. शेवटी अलीच्या कोपऱ्यातून त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी यानं लढत थांबवली. अलीच्या सगळ्या कारकिर्दीत वेळेआधी थांबलेली हीच एक हार. जिंकलेला माणूस कॅमेऱ्यासमोर रडला. ज्याच्या हाताखाली शिकलो त्यालाच मारावं लागलं, आणि वर लोक म्हणाले, तू म्हाताऱ्या अलीला मारलंस. त्यानं करायला काय हवं होतं? नकार दिला असता तर घाबरला म्हणाले असते.

1982 मध्ये गोऱ्या गेरी कूनीशी लढत झाली, तीही फक्त बॉक्सिंगची राहू दिली नाही. गोरा विरुद्ध काळा अशी हवा करून तिकिटं विकली. विजेत्याचं नाव शेवटी पुकारायची रीत असताना होम्सचं आधी पुकारलं. तेराव्या राउंडमध्ये त्यानं कूनीला संपवलं, पुन्हा जॅबच्या जोरावर. पुढे दोघांची मैत्री झाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग 48 विजय, एकही हार नाही, आणि पुढे कधीच न हरलेला जुना विजेता रॉकी मार्सियानो याचा 49 विजयांचा आकडा. 21 सप्टेंबर 1985 ला मायकेल स्पिंक्सनं त्याला गुणांवर हरवलं. मार्सियानोची शेवटची लढत बरोबर तीस वर्षांपूर्वी त्याच तारखेला झाली होती. हरल्यावर होम्स मार्सियानोबद्दल जे बोलला ते बोलायला नको होतं, आणि नंतर त्यानं माफीही मागितली. परतीच्या लढतीतही पंचांत दुमत होऊन तो हरला. ती लढत मला त्याची वाटते, आणि असं म्हणणारे बरेच आहेत. 1988 मध्ये टायसननं त्याला चौथ्या राउंडमध्ये झोपवलं. एकूण 75 लढतींत वेळेआधी संपलेली ही त्याची एकमेव हार.

पालकांनी याच आकड्याकडे बघावं असं मला वाटतं. जवळजवळ तीस वर्षं जड माणसांशी लढून तो एकदाच असा हरला. बॉक्सिंगमध्ये डोक्याला मार बसतो, हे मी कुणापासून लपवत नाही. 1982 मध्ये लास व्हेगासला दक्षिण कोरियाचा डक कू किम लढतीनंतर वारला, त्यानंतर पंधरा राउंडच्या लढती हळूहळू बाराच्या झाल्या. मी फौजेत हा खेळ शिकलो, तिथं दणकट पोरं नुसत्या ताकदीवर आत घुसून जिंकताना पाहिली आणि त्यातल्या काहींची दोन-तीन वर्षांनंतरची अवस्थाही पाहिली. ताकद मुलं घरून घेऊन येतात. अंतर राखायला मात्र शिकवावं लागतं, आणि ज्याला अंतर राखता येत नाही त्याच्या हाती मी जोरदार उजवा ठोसा देणार नाही. तसं केलं तर तो मारायला जवळ जाईल आणि तिथंच मार खाईल. जिल्ह्याच्या स्पर्धेत आमची मुलं कधीकधी लवकर जिंकत नाहीत, घरचे नाराज होतात. होऊ देत. मूल नाक-डोकं शाबूत घेऊन घरी जातं, मला ते पुरतं.

होम्सनं पैसाही सांभाळला. ईस्टन सोडलं नाही, तिथंच इमारतींत गुंतवणूक केली. 2015 मध्ये गावानं त्याचा पुतळा उभारला.

घरी बघायचं असेल तर नॉर्टनची लढत मोठ्यांनी बघा. मुलांना घेऊन बसणार असाल तर फेब्रुवारी 1992 ची रे मर्सरची लावा. मर्सर ऑलिंपिक सुवर्णविजेता आणि तोवर अजिंक्य, होम्स 42 वर्षांचा, पोट किंचित सुटलेलं. तो कोपऱ्यात पाठ टेकवून उभा राहतो, मर्सरला जवळ बोलावतो, आणि डाव्या हातानं बारा राउंड त्याला शिकवणी देतो. मुलांना सांगा, फक्त डावा हात कुठून निघतो आणि कुठं परत येतो तेवढं बघा. अलीची लढत मात्र त्यांना दाखवू नका. मीही वर्गात दाखवत नाही.