तुम्ही विचारलंत म्हणून: भरतीसाठी पोरानं रोज किती पळावं?

"दादा, मना पोऱ्यानी रोज कितलं पयानं?" चोपड्याच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, एसटीत, कुठंही हा प्रश्न येतो. मी सैन्यात नर्सिंग असिस्टंट होतो, म्हणजे एएमसीचा (आर्मी मेडिकल कोअर, सैन्याच्या वैद्यकीय दलाचा) माणूस. नोकरीची बरीच वर्षं ट्रेनिंग सेंटरांच्या आणि पलटणींच्या एमआय रूममध्ये, म्हणजे जवानांच्या तपासणीच्या दवाखान्यात गेली, त्यामुळे रायफलींपेक्षा जवानांचे पायच जास्त पाहिले. तर विचारलंत म्हणून सांगतो: आता पळवताय त्यापेक्षा कमी.

शहादा-शिरपूर-चोपडा-यावल रस्त्यावर पहाटे गाडी चालवून बघा. अंधारात पोरं डांबरावरून दहा-दहा, बारा-बारा किलोमीटर पळत असतात. बुटांचे तळवे झिजलेले, पोटात काही नाही. सैन्यभरतीत पळायचं असतं 1.6 किलोमीटर. 5 मिनिटं 30 सेकंदांच्या आत आलं की 60 गुण, आणि 10 बीम मारले, म्हणजे आडव्या दांडीला लटकून अंग दहा वेळा वर खेचलं, की 40. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स नुसते पास व्हायचे. एवढ्यासाठी रोज बारा किलोमीटर डांबर तुडवायची गरज नाही. मात्र त्यातून एक गोष्ट हमखास घडते, ती म्हणजे नडगीचं हाड दुखावतं.

हाडावर नवा भार आला की ते स्वतःची फेरबांधणी सुरू करतं. जुनी भिंत आधी उतरवायची आणि मग नवी उभारायची, तसं. उतरवायचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं, नवं बांधायला तीनेक महिने जातात. म्हणजे पळायला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पोराला दम वाढल्यासारखा वाटतो नेमका तेव्हा, त्याचं हाड सगळ्यात कमजोर असतं. दम लवकर तयार होतो, हाड मागे राहतं. त्याच वेळी बाप म्हणतो, "आता जमतंय ना, अजून दोन किलोमीटर वाढव." मग नडगीत बारीक तडा जातो. रंगरूटांच्या, म्हणजे नव्या जवानांच्या, सिक रिपोर्टच्या (आजारी असल्याचं सांगायला येणाऱ्यांच्या) रांगेत ही तक्रार मी सतत पाहत आलो. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा काहीच दिसत नाही, म्हणून "पोरगं नाटक करतंय" असं समजलं जातं. ते नाटक नसतं. एका बोटानं दाबल्यावर नेमक्या एकाच जागी कळ येत असेल, त्या पायावर उडी मारता येत नसेल, तर पळणं बंद आणि डॉक्टर गाठायचा. संपूर्ण नडगीभर दुखत असेल तर गोष्ट वेगळी, तीही विश्रांतीच मागते. अग्निवीराची चार वर्षं प्रशिक्षणासकट मोजली जातात. घरूनच तडा घेऊन गेलेल्या पोराचे त्यातले किती महिने वाया जातात, याचा विचार करा.

लोकांना वाटतं, सैन्यात गेल्यावर सगळं शरीराच्या जोरावर होतं. सैन्यानं स्वतः फार मोठी किंमत मोजून शिकलेली गोष्ट याच्या उलट आहे. 1962 साली सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत जवान हिमालयात उभे राहिले, आणि घाईनं उंचीवर नेलेल्या माणसांच्या फुप्फुसांत पाणी भरू लागलं. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी 1,925 जवानांवरचा अभ्यास 1969 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला. उंचीवर होणाऱ्या या डोंगरी आजारावर जगभर तो अजून वाचला जातो. आज लेहकडून वर जाणारा जवान 9,000 ते 12,000 फुटांवर 6 दिवस थांबतो, 15,000 पर्यंत आणखी 4 आणि त्याच्या वर आणखी 4. कितीही तगडा असला तरी थांबतो. सियाचिनमध्ये गोळीपेक्षा थंडीनं आणि उंचीनं जास्त जवान नेले, हे लक्षात ठेवलं की या थांबण्याचा अर्थ कळतो.

सामानाचंही तसंच. 2018 साली सैन्यानं 1.86 लाख बुलेटप्रूफ जॅकेटांचा करार केला. पूर्ण प्लेटांसह त्या जॅकेटाचं वजन दहा किलोच्या वर जातं. त्यात रायफल, मॅगझिनं, पाणी, पाठीवर पिट्ठू. आमच्या वेळी बीपीईटीला, म्हणजे जवानांच्या शारीरिक चाचणीला, रायफल आणि सामानासह पाच किलोमीटर धावावं लागायचं. पण पहिल्या आठवड्यात ते कुणी पाठीवर देत नाही. आधी पीटी शूज, मग बूट, मग थोडं वजन, मग जास्त. आपल्याकडे मात्र कुणीतरी व्हिडिओ बघतं आणि पोराच्या पाठीवर वाळूची पिशवी बांधतं. ते करू नका.

आता ऊन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. शरीराला उन्हाची सवय लागते, पण तिला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि तेही थोडं थोडं वाढवलं तर. घाम न पुसता पाणी टाळून पळलं की शरीर काटक होतं, ही समजूत इतकी खोलवर आहे की मला तिची चीड येते. पाण्यावाचून कुणीही काटक होत नाही. पळताना पोरगं बरळायला लागलं, तोल गेला, अंग तापलं, तर ती उष्माघाताची खूण समजा. जागीच सावलीत न्यायचं, कपडे काढायचे, अंगावर पाणी ओतत राहायचं आणि मग दवाखान्यात. आधी थंड करायचं, मग हलवायचं.

आणि जे सांगायला मी हा सगळा प्रपंच मांडला ते आपल्या भागाचं आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात, भिल्ल, पावरा आणि इतर समाजांत, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक बरेच आहेत. याच भागातल्या काटक माणसांना घेऊन औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं 1825 साली धरणगावला भिल्ल पलटण उभी केली होती. आज त्याच वाड्या-पाड्यांतली पोरं भरतीसाठी पळतात. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. तो आयुष्यभर ठणठणीत राहतो, शेती करतो, पळतोही. पण अंगातलं पाणी कमी असताना, उन्हात, एकदम जीव तोडून पळलं तर त्याच्या तांबड्या पेशी वाकड्या होऊन अडकू शकतात, स्नायू मरू लागतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. अमेरिकी सैन्यातल्या 20 लाख रंगरूटांचा 1987 साली छापलेला अभ्यास आहे. कृष्णवर्णीय रंगरूटांमध्ये वाहकांचा अचानक मृत्यूचा धोका सुमारे 28 पट निघाला, तरी एकूण आकडा लहानच होता. पुढे 2016 साली सुमारे 48,000 कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास झाला, त्यात वाहकांचे मृत्यू जास्त दिसले नाहीत. मधल्या काळात तिथल्या सैन्यानं पाणी, विश्रांती आणि हळूहळू वाढवणं हे सगळ्यांनाच सक्तीचं केलं होतं. स्नायूंना इजा होण्याचा धोका मात्र वाहकांत तेव्हाही जास्त आढळला.

म्हणून मैदानावरच्या प्रत्येक प्रशिक्षकाला माझी विनंती आहे. पळता पळता एखादा पोरगा खाली बसला, शुद्धीत आहे, बोलतोय, पोटऱ्यांना गोळे आलेले नाहीत, पण म्हणतोय "पायांत जीवच नाही", तर त्याला शिवी देऊन उठवू नका. पळणं तिथेच थांबवा, सावली आणि पाणी द्या आणि गाडी मागवा. त्या दिवशी लघवी काळपट तांबडी झाली तर उद्याची वाट पाहू नका.

बाकी तुमचा प्रश्न: पहिल्या महिन्यात एक दिवसाआड, तीन-चार किलोमीटर, डांबराऐवजी मातीवर. मधल्या दिवशी बीम. आठवड्याला दहाव्या हिश्शापेक्षा जास्त वाढवायचं नाही, चौथा आठवडा उलट हलका ठेवायचा. वेगाचे फेरे दुसऱ्या महिन्यानंतर. कळण्याची भाकरी, दूध, शेंगदाणे, केळी रोज, आणि पळण्याआधी काहीतरी पोटात. सिकलसेलची पहिली चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातल्या रक्ताच्या थेंबावर होते. ती पळायला सुरुवात करण्याआधीच करून घ्या, भरतीची तारीख लागल्यावर नको.